वेंदुलाचा पहिला अजगर

प्रिय लुबोर,

‘प्रिय’ लिहिलंय, कारण पत्राला कुठून तरी सुरुवात लागते. उगाच मिशांवरून हात फिरवू नकोस.

वेंदुलाच्या नामदिनाला, कॅलेंडरात तिचं नाव येतं त्या दिवशी, तू खोकं घेऊन आलास, तेव्हा मी गॅसपाशी कणकेचे गोळे उकडत होते. चौदा वर्षांची पोर, पहिलाच साप, आणि तू आणलास बर्मी अजगर! तेव्हाच माझ्या दोन्ही पसरलेल्या हातांएवढा. वर म्हणालास, “बोहुमिला, कुत्र्यासारखा गरीब आहे गं. वाढेल सावकाश.” सावकाश! दोन वर्षांत दहा फुटांचा होणारं जनावर, आणि आमच्या दोन खोल्या. वीस वर्षं साप पाळतोयस, तुला चांगलं माहीत होतं. पण सोडून गेलेल्या घरात पुन्हा एकदा ‘माझा बाबा काय भारी’ ऐकायचं होतं ना? ऐकलंस.

जाताना तिला सांगून गेलास, “चिमटा कशाला, हातानं भरव, ओळख होते.” तिसऱ्याच आठवड्यात त्यानं उंदीर सोडून तिचं मनगट धरलं आणि कोपरापर्यंत वेटोळी घातली. ती रडली नाही. “आई, ओढू नकोस, त्याचे दात तुटतील,” म्हणाली. त्याचे! लग्नाच्या अकरा वर्षांत तुझ्या सापांच्या खोलीत मी पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी मी त्याचं डोकं पकडलं आणि माझ्या वडिलांनी घरी गाळलेली आलुबुखाराची दारू त्याच्या जबड्यात ओतली, तेव्हा सुटला. सात टाके पडले. तुला फोन केला तर तू म्हणालास, “तिनंच काहीतरी वेडंवाकडं केलं असेल.” फोन स्पीकरवर होता, लुबोर. ती माझ्या शेजारीच बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी ते खोकं तुझ्या दारात आदळून आले. तुझ्या नव्या बायकोनं, त्या ब्लांकानं, ठोकलेली किंकाळी मला खालच्या फाटकापर्यंत ऐकू आली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मला वाटलं, खूळ गेलं. पण टाके निघाले त्याच दिवशी वेंदुला म्हणाली, “आई, साप चुकला नाही. निवड चुकली.” मग मीच तिला बर्नोच्या सापबाजारात नेलं. हो, मी! तिथं मालिकोवा नावाची एक खाष्ट म्हातारी भेटली. तिनं आधी पोरीलाच झापलं, “पाळायचाय की मैत्रिणींना दाखवायचाय? दाखवायचा असेल तर पुढच्या टेबलावर जा.” वेंदुलानं बाही वर करून वण दाखवला. म्हातारी पुढं सरकून बसली. “राजअजगर घे. नर. फार तर चार फूट होतो, आणि घाबरला की चावण्याआधी चेंडू होऊन बसतो. रानातनं धरलेला कुणी फुकट दिला तरी नको, पेटीत अंड्यातून निघालेलाच घे. नाकाशी बुडबुडे नकोत, खवल्यांत किडे नकोत. आणि मेलेला उंदीर खातो का, ते डोळ्यांनी बघितल्याशिवाय उचलायचा नाही.” एवढं सांगायला तिला पाच मिनिटं लागली. तुला तेवढीही सवड झाली नाही.

पोरीनं सगळं अक्षरशः पाळलं. पेटी आधी लावली, एक बाजू ऊबदार, एक गार, दोन्हीकडे लपायला जागा. मग साप घरी आणला, आणि आठवडाभर त्याला बोटसुद्धा लावलं नाही.

आता हे पत्र का, ते ऐक. साप नऊ आठवडे जेवलेला नाही. मालिकोवाबाई म्हणतात, नर हिवाळ्यात असंच करतात, वजन टिकून आहे तोवर थांब. प्राण्यांचे डॉक्टरही तेच म्हणाले. मला पटलं, वेंदुलाला पटत नाही. दर शनिवारी ती त्याला स्वयंपाकाच्या काट्यावर तोलते आणि मग स्वतः जेवायला बसत नाही. काल मी खूप खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, “बाबानं बघितलं तर खरं कळेल.” इतकं सगळं होऊनही तिला ते तुझ्याच तोंडून ऐकायचंय. याचा मला किती संताप येतो, ते तुला समजायचं नाही. तरी लिहितेय. रविवारी तीनला ये. पेटी बघ, साप बघ, आणि तिच्या डोळ्यांत बघून सांग, “पोरी, तू सगळं नीट केलंयस.” ते खरंच आहे, म्हणजे तुला खोटं बोलायचे कष्टही नाहीत. कॉफी मिळेल. येताना काहीही आणू नकोस.

तुझी कुणीच नव्हे, वेंदुलाची आई,
बोहुमिला