बाणातला ण

प्रिय आई,

हे पत्र तुला शिंपीणकाकू वाचून दाखवतील, मशीन थांबवून, चष्मा नाकावर घेऊन. आजूबाजूला कपडे शिवायला टाकायला आलेल्या चारपाच जणी असतील आणि त्यांची कामं अडली तरी कुणी उठणार नाही, हे मला माहीत आहे. तेव्हा आधी काकूंना सांगते. काकू, तुम्हाला पत्रातला अवघड भाग गाळायची आणि गोड भाग दोनदा वाचायची सवय आहे. या वेळी जसं लिहिलंय तसं वाचा. एक अक्षरही सुधारू नका. का, ते शेवटी कळेल.

आई, येत्या एक तारखेला तू इथे यावंस, एवढंच मला हवं आहे. अकरा महिने झाले, तू आलेली नाहीस. फोनवर विचारलं की म्हणतेस, शेळी व्यायला झाली आहे. शेळी पाच महिन्यांत विते, हे मी शाळेत नाही शिकले, तुझ्याकडूनच शिकले. त्या बिचारीला किती वेळा बाळंत करशील? मग तू म्हणतेस, "बरं, बघू", आणि फोन ठेवतेस. तुझं "बघू" म्हणजे "नाही", हेही मी तुझ्याकडूनच शिकले.

आधी इथली खबर देते. मी बरी आहे. जेवते. खोलीच्या खिडकीला आता जाळी बसवून घेतली आहे. घरमालकीणबाई माझ्या आवाजावर घड्याळ लावतात. सकाळी सहा दहाची पहिली गाडी मी बसस्थानकावरून पुकारली की त्या दूध तापायला ठेवतात. परवा मला शिंक आली म्हणून पुकारायला दोन मिनिटं उशीर झाला, तर संध्याकाळी मला म्हणाल्या, "आज दूध उतू गेलं, बाई, तुझ्यामुळे." मी माफी मागितली. नंतर जिन्यात उभी राहून विचार करत बसले की यात माझी चूक नेमकी कोणती. तुला माझा स्वभाव माहीत आहे. दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघते आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येते.

हे शहर तू दोनच दिवस पाहिलंस, म्हणून सांगते. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलं तर पाऊण तास लागतो, तोही ओळखीचं कुणी भेटलं नाही तर. आणि भेटतंच. एक सिग्नल आहे, तो बहुतेक वेळ पिवळाच मिचमिचत असतो, झोप न झालेल्या माणसासारखा. बसस्थानकावर अकरा कर्णे लावलेत, त्यांतून माझा आवाज भाजीबाजारापर्यंत आणि वारा असला तर दवाखान्यापर्यंत पोहोचतो. माझं तोंड फार लोकांना माहीत नाही, पण मी तोंड उघडलं की लगेच ओळखतात. भाजीवाला मला बघून ओरडतो, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, टोमॅटो फलाट क्रमांक दोनवर उभे आहेत." मागे घसा बसला होता तेव्हा औषधवाल्याने मला गोळ्या दिल्या, पोस्टातल्या बाईंनी काढा दिला आणि एका अनोळखी आजींनी रस्त्यात थांबवून रागावून विचारलं, "थंड खाल्लंस ना?" मी खाल्लं होतं.

मोठ्या शहरात प्रशिक्षणाला आठ आठवडे होते, तिथे असं काही नव्हतं. वसतिगृहातल्या शेजारणीला माझं नाव शेवटच्या दिवशी कळलं. तेव्हा वाटायचं, हे किती छान. चूक झाली तर गर्दीत हरवून जाईल, आपल्या मागे येणार नाही. इथे चूक पत्ता विचारत घरी येते, चपला काढून आत बसते आणि चहा घेतल्याशिवाय जात नाही. खूप दिवस मला याची भीती वाटायची. आपल्या घरात माझ्याआधी कुणी पाटी धरली नव्हती. त्यामुळे माझ्या तोंडून एक अक्षर घसरलं की लोक म्हणतील, बघा, शेवटी कुठून आली ते दिसलंच. पहिली दोन वर्षं मी पुकारायच्या कागदावर प्रत्येक "ण"खाली पेन्सिलीने टिंब द्यायची. "आणि"ला टिंब, "ठिकाण"ला टिंब, आणि आपल्या गावाच्या नावात मधोमध जो ण आहे, त्याला दोन. गावात तो कुणी म्हणत नाही. गाडीच्या पाटीवर मात्र लिहिलेला आहे. मी पाटीसारखं म्हणायची.

आता त्या दिवसाचं लिहिते. काकू, गाळू नका.

आई, तू पिशवी घेऊन थेट माझ्या काचेच्या खोलीत आलीस. तेव्हा आत कंट्रोलरसाहेब होते, दोन वाहक नोंद करायला आलेले, आणि पास देणाऱ्या बाई. मी तुला खुर्ची दिली. उन्हातून आली होतीस. तू पदराने मान पुसलीस आणि म्हणालीस, "पोरी, थोडं पानी दे ग." एक वाहक हसला. तो कशाला हसला, मला आजही माहीत नाही. कदाचित त्याचं त्यालाच काही आठवलं असेल. पण माझे कान तापले आणि मी म्हणाले, "आई, पानी नाही, पाणी. बाणातला ण." आणि माझाच आवाज मला बाहेरून ऐकू आला. माइकचं बटण चालू राहिलं होतं. कुलूप तीनदा ओढणारी मी, त्या दिवशी ते लाल बटण एकदाही बघितलं नव्हतं. अकरा कर्ण्यांनी सगळ्या स्थानकाला, भाजीबाजाराला, सगळ्यांना सांगितलं की माझ्या आईला पाणी म्हणता येत नाही.

पास देणाऱ्या बाईंनी पेला भरून दिला तो तू घेतलास, अर्धा प्यायलीस आणि जमिनीवर अलगद ठेवलास, जसा परक्या घरी ठेवतात. पुढे दोन दिवस माझ्या खोलीत होतीस, पण एकदाही पाणी मागितलं नाहीस. उठून स्वतः घेत होतीस. मी म्हणाले, "मी देते ना", तर म्हणालीस, "असू दे." तिसऱ्या दिवशी तुला शेळी आठवली. तुझी गाडी मीच पुकारली, ण नीट उच्चारून. पुढे आठवडाभर भाजीवाला मेथीवर शिंपडताना "बाणातलं पाणी" म्हणायचा. एक दिवस त्याने माझं तोंड बघितलं आणि मग थांबला. परत कधी म्हणाला नाही. लहान शहरात हेही असतं, आई. लोक चिडवतात, पण तोंड बघतात.

गेल्या महिन्यात वरच्या आळीतले आजोबा, ते काठीला घुंगरू बांधतात ते, इथे डोळे दाखवायला आले होते. परतीच्या गाडीसाठी माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसले होते. मी आपल्या गावाची गाडी तीनदा पुकारली. गाडी आली, उभी राहिली, गेली. मग आजोबा खिडकीशी आले. "आमची गाडी कधी ग लागायची?" मी म्हणाले, "आजोबा, आत्ता गेली. तीनदा सांगितलं मी." तर म्हणाले, "ती कुठल्या दुसऱ्या गावाची होती. आमच्या गावाचं नाव एवढं कडक नाही." त्यांचं गाव त्यांना माहीत होतं, मला पाटी माहीत होती. पुढची गाडी दोन तासांनी होती. मी त्यांना आत बसवलं. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. "तू भोंगा ना? लहानपनी रडायचीस ते विहिरीवर ऐकू यायचं." मग त्यांनी पानी मागितलं आणि मी दिलं. पिऊन झाल्यावर सहज म्हणाले, "तुझ्या आईला काय झालंय ग? विहिरीवरून येताना आमच्या ओट्यावर टेकते, घामाने भिजलेली असते. पानी देऊ का म्हटलं की म्हनते, तहान नाही. कुनाकडेच मागत नाही म्हने हल्ली."

आई, त्या दिवशी पुढच्या तीन गाड्या मी चुकीच्या फलाटावर पुकारल्या. कंट्रोलरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच फलाटावर जाऊन लोकांना सांगितलं.

आता बातमी. माझी नोकरी कायम झाली आणि एक तारखेपासून इथे सगळ्या गाड्यांच्या सूचना आधी भरून ठेवलेल्या आवाजात लागणार आहेत. आवाज माझाच. गेल्या आठवड्यात दोन दिवस बसून बावन्न गावांची नावं भरली. आपलं गाव आलं तेव्हा मी ते आपण म्हणतो तसं म्हटलं. साहेबांनी हात वर केला. "हे चुकलं. परत घ्या." मी आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना म्हणाले, "नाही चुकलं, साहेब. तिथले लोक असंच म्हणतात." ते म्हणाले, "पाटीवर ण आहे." मी म्हणाले, "गाडीत पाटी बसत नाही, माणसं बसतात." साहेब उठले. मला वाटलं, कायम झालेली नोकरी एका दुपारीच गेली. पण ते फलाट तीनवर गेले, आपल्या गाडीच्या रांगेत उभ्या असलेल्या एकेकाला विचारत सुटले, "कुठे जाणार? कुठे?" नऊ जण होते. परत आले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या तोंडातसुद्धा नळातला न बसला होता. म्हणाले, "राहू द्या तसंच."

हे सगळं मी फोनवर सांगू शकले असते. मग ते आपल्या दोघींत राहिलं असतं आणि तू "बरं, बघू" म्हणाली असतीस. पण मी तुला चारचौघांत बोलले, आणि माफी मात्र कानात मागायची, हे बरोबर नाही. म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते काकूंच्या दुकानात. काकू, आवाज थोडा चढवा, रस्त्यापलीकडे ऐकू जाऊ दे. आई, मी चुकले. तुझा शब्द चुकला नव्हता. त्याच शब्दाने तू मला पाजलंस, न्हाऊ घातलंस, ताप आला तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवल्यास. एक तारखेला दहा चाळीसची गाडी धर. उतरलीस की बाकावर थोडी बस आणि आपल्या गावाची गाडी पुकारतील ती ऐक. मग काचेच्या खोलीत ये. सगळे असतील, तो वाहकसुद्धा. बटण मी तीनदा बघून बंद केलेलं असेल. खुर्चीवर बस आणि तुला जे हवं ते तुझ्या तोंडाने माग. काकू, पुढचा एक शब्द मी मुद्दाम तसा लिहिलाय, त्याला हात लावू नका. मी माठात पानी भरून ठेवते.

तुझाच,
भोंगा