लाल नावं

रविवार, १२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. भावजींचा गुडघा सुधारतोय हे वाचून बरं वाटलं. त्यांना म्हणावं, जिना चढताना उगाच मर्दुमकी नको. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो.

कामाचं विचारलंस. साहेबांनी सध्या मला नावं तपासायला बसवलंय. प्रोग्राममध्ये माहिती साठवायच्या जागा असतात, प्रत्येक जागेला नाव द्यावं लागतं, आणि जो तो मनाला येईल ते नाव देतो. म्हणून मी एक रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलं. चाळणी समज. नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत हवं, मधे फार तर अंडरस्कोरची रेघ, आकडा अजिबात नको. चाळणीतून गेलं तर हिरवं, अडकलं तर लाल.

जुन्या फायली घातल्या आणि स्क्रीन लालेलाल! बहुतेक सगळ्या तुझ्या भावजयीच्या. इथे नोकरीला होती तेव्हा काय एकेक नावं देऊन ठेवलीत तिने. ‘मगबघू२’, ‘कटकट७’. एका जागेचं नाव तर ‘नवऱ्यालाविचार१’. मला मोठ्याने हसू फुटलं, शेजारचा वळून बघायला लागला.

तिच्या फायलींना मी गुपचूप सूट दिली होती. साहेबांनी ती बरोबर पकडली. "अहो, नियम तुम्हीच लिहिलाय ना?" म्हणाले. मग एकेक नाव मीच बदलत बसलो. शुक्रवारी सगळं हिरवं झालं, साहेबांनी पाठ थोपटली. आता त्या अख्ख्या प्रोग्राममध्ये ती कुठेच नाही. मी जिन्यात जाऊन रडलो.

ताई, ती घर सोडून गेली. उन्हाळ्यातच. तू फोनवर "तिला दे" म्हणतेस आणि मी आंघोळीला गेलीय, झोपलीय, असं काहीबाही सांगतो. तुझा आवाज ऐकला की धीर सुटतो, म्हणून हे लिहून कळवतोय. भांडलो असतो तरी बरं झालं असतं गं. आमचं बोलणंच आटलं होतं. तिने शांतपणे बॅग भरली आणि मी वेड्यासारखा ती खाली नेऊन दिली. "थांब" एवढंसुद्धा तोंडातून निघालं नाही.

ऑफिसात सगळे मला आडनावाने हाक मारतात. घरी हाक मारायला कुणी नाही.

भावजींना जरा बरं वाटलं की ये. समजूत घालू नकोस, तिला फोनही करू नकोस. फक्त खालच्या दारातूनच, सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी, मला लहानपणची हाक मार.

तुझी वाट बघणारा,
ठोंब्या