बर्फातला चुडा

३ फेब्रु. ९६
व्हिडिओ मिक्सर आला एकदाचा. पनवेलात आपल्याआधी कुणाकडे नाही, हे सतीश येईल-जाईल त्याला ऐकवतोय. लगेच क्रोमा करून पाहिलं. मागे निळं कापड लावायचं, मशीनला सांगायचं निळं काढ, की निळ्याच्या जागी दुसऱ्या कॅसेटमधलं काश्मीर. सतीश ऐटीत उभा राहिला. पँट निळी! कमरेपासून वरचा नवरा बर्फावर तरंगत होता. हसून हसून पोट दुखलं. त्यातही बोलणारा अर्धाच शिल्लक राहिला, हे माझं नशीब.

९ फेब्रु.
उरणकडची लग्नाची ऑर्डर. नवरा मुलगा प्रशांत जहाजावर नोकरीला, लग्न झालं की लगेच ड्यूटी. बरोबर आई होती. वडील तो लहान असतानाच गेले. फिरायला जायला सवड नाही, कॅसेटमध्ये तरी आम्हा दोघांना काश्मीरला न्या म्हणाला. हौसेला मोल नाही. घोळ एकच, त्याचा लग्नाचा कोट गडद निळा. निळ्या कापडापुढे उभा केला तर नुसतं मुंडकं उरेल. मग हिरवं कापड लावू, मीच सुचवलं. डोकं चालतं कधीकधी.

२० फेब्रु.
काल लग्न लागलं. मांडवामागे हिरवं कापड ताणून सतीशनं दोघांचं शूटिंग केलं. प्रशांत आणि संगीता, हातात हात. संगीता फार लाजत होती म्हणे.

२८ फेब्रु.
काश्मीर जमलं! निळ्या कोटाची कड अगदी स्वच्छ आली. तिच्यापायी मान मोडली, पण आली. कॅसेट घरी पोचवली. सतीशनं आपणहून चहा केला, म्हणजे त्यालाही आवडलं.

४ मार्च
प्रशांतची आई आणि संगीता सकाळीच दुकानात. प्रशांत गेला जहाजावर. घरी सगळी आळी जमवून कॅसेट लावली होती. बर्फ दिसल्यावर सगळे खूश, मग कुणीतरी विचारलं, नवरीचा चुडा कुठाय? आईनं उठून टीव्ही बंद केला.
लावून पाहिली. हिरवं काढ म्हटलं, मशीननं काढलं. कापडाबरोबर चुडाही. बांगड्यांच्या जागी पांढरा बर्फ, लांबून बघावं तर हात रिकामे. माझ्या स्वतःच्या हातात हिरव्या बांगड्या असून मला सुचलं नाही. कोटाकडे बघत बसले. लाज वाटली.
बाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, "माझा पोर दर्यावर हाय. मोकले हात मला पुरे. तिचे कशाला?"
सतीश म्हणाला, काश्मीरच काढून टाकतो. त्यावर संगीता पहिल्यांदाच बोलली. "नको. तेवढंच आमचं दोघांचं हाय. बाकी सगल्यात पाव्हणे हायत."

८ मार्च
बटणं फिरवून थकले. हिरवं थोडं कमी काढावं तर चुडा परत येतो, पण मागचं कापडही सुरकुत्यांसकट येतं. जास्त काढावं तर चुडा गेलाच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. प्रशांत नाही, पुन्हा शूटिंगचा प्रश्नच नाही. पाडव्यानंतर त्याचा मित्र त्याच जहाजावर जातोय, त्याच्याबरोबर कॅसेट धाडायचीय.

११ मार्च
भाजी निवडताना सुचलं. प्रशांत नाही, पण संगीता आहे! आणि चुडा तिच्या हातात आहे. नुसती मनगटं शूट करायची, या वेळी निळ्या कापडावर, आणि बर्फाच्या चित्रावर वरून चढवायची. सतीश म्हणाला, जागेवर कशी बसतील? बघू.

१४ मार्च
बसली!! मॉनिटरच्या काचेवर मार्करनं तिच्या हातांच्या खुणा केल्या. संगीताला निळ्या कापडात गुंडाळलं, बोटंसुद्धा झाकली, बाहेर फक्त मनगटं आणि चुडा. तिला काच दिसेना, म्हणून सासूबाई समोर बसून सांगत होत्या, वर घे, जरा खाली, हां, आता हलू नको. मधे दोन बांगड्या पिचल्या म्हणून वाढवल्या होत्या, त्याही बाईंनी आठवणीनं नव्या भरून आणलेल्या. काम करताना तिघी इतक्या हसलो की सतीश दोनदा डोकावून गेला.

१८ मार्च
जोडून दाखवलं. चित्र किंचित पुसट झालंय, पुन्हा कॉपी केली की व्हायचंच. एके ठिकाणी प्रशांत तिचं मनगट धरतो, तिथं नव्या बांगड्या त्याच्या बोटांवरून जातात. क्षणभरच, पण मला खुपतं. तेवढा तुकडा कापू का विचारलं.
बाई म्हणाल्या, "राहू दे. त्याला लागल्या तं लागू देत."
संगीता पदरात तोंड घालून हसत होती.

३ एप्रिल
कॅसेट मित्राबरोबर गेली. प्रशांतचं अजून काही कळलं नाही.
सतीश ऑर्डरवर कामोठ्याला. दुपारी प्रशांतची आई एकटीच आली, सुकट घेऊन. चहा झाला, तरी उठेना. मग मॉनिटरकडे बघत विचारलं, सुनेची ती नुसत्या मनगटांची कॅसेट हाय का अजून?
आहे म्हटलं.
कशाला, ते मला विचारवेना. कॅमेरा लावला, कॅसेट लावली. तिनं हात कॅमेऱ्यापुढं धरले, काचेवरच्या खुणांत बरोबर बसवले. तिला आता कुणी सांगायला लागलं नाही. मिक्सर चालू केला आणि तिच्या हातांवर चुडा आला.
"रेकॉर्ड नको," म्हणाली.
नाही करत म्हटलं. माझेच डोळे भरून आले होते, तिचे नाही. ती नीट बघत होती, आधी एक हात, मग दुसरा. कॅसेट संपली तसे हात पुन्हा तिचे तिचे झाले. पदर सारखा करून गेली. उरणची एस.टी. मिळाली असेल.
सतीश आल्यावर म्हणाला, काम झालं की, काचेवरचा मार्कर पूस आता. उद्या पुसते म्हटलं.