पापडाचं तिकीट

आई, परवा पेणला भावाच्या नातीचं बारसं झालं आणि जेवणं आटपल्यावर तुझी ती गोष्ट पुन्हा निघाली. या वेळी माझ्याच मुलीने काढली. म्हणाली, "मामा, आईच्या पापडाच्या तिकिटाचं सांग ना." तुझा मुलगा लगेच मांडी घालून बसला. कंडक्टरचा आवाज त्याने नाकातून काढला, अगदी तू काढायचीस तसा. पडवीतली वीस-पंचवीस माणसं लोळायची बाकी राहिली. त्याची सून डोळे पुसत मला विचारते, "आत्या, तुम्ही खरंच पापड दिलात?" मी म्हटलं, "दिला." तुला जाऊन अठरा वर्षं झाली, पण त्या घरात शिरलं की मी अजून दहा वर्षांचीच असते, आणि तीही हसण्यापुरती.

तू गोष्ट छान सांगायचीस, हे मी कधी नाकारलं नाही. रामवाडीच्या त्या घरात शेजारच्या चौघीजणी पोह्याचे पापड लाटायला यायच्या, आणि तू बोलायला लागलीस की त्यांची लाटणी थांबायची. मिठागरावरून बाबा आले की तेही दारातच उभे राहून ऐकायचे. तुझ्या गोष्टीत मी अशी असायचे : एक येडी पोर, मावशीकडे रोह्याला राहायला गेलेली. चौथ्या दिवशी घरची आठवण येते, मावशी पाण्याला गेलेली बघून ती तिच्या डब्यातले पापड फ्रॉकच्या ओच्यात घेते आणि सरळ पेणच्या एसटीत बसते. नागोठण्याच्या अलीकडे कंडक्टर तिकीट विचारतो, तर ही गंभीर चेहऱ्याने एक पापड पुढे करते. "हा काय?" "तिकिटाचा." "भाजलेला तरी द्यायचा!" इथे पहिला हशा. मग तो वडखळला पापड ड्रायव्हरला दाखवतो, ड्रायव्हर म्हणतो, "अर्धं तिकीट हाय, अर्धा मोडून परत दे." इथे दुसरा. ड्रायव्हरचं ते वाक्य मी बसमध्ये ऐकलंच नव्हतं. ते तू घातलंस. चांगलं घातलंस.

मला हसू येऊ नये असं त्यात काही नाही. दुकानदार तुला पापडांचे पैसे देतो हे मी रोज बघत होते, त्यामुळे पापड म्हणजे पैसेच असा माझा साधा हिशेब होता. पण गोष्ट सुरू करताना तू एक वाक्य नेहमी गाळायचीस. मला पाठवताना तू म्हणाली होतीस, "दोन दिवस राहून ये गो मावशीकडं. एकटी हाय ती." मी दोन फ्रॉक घेतले होते. तिसऱ्या दिवशी मी पहिलाच फ्रॉक पुन्हा घातला, आणि चौथ्या दिवशी मावशीने मला तिथल्या शाळेत नेऊन माझं नाव घातलं. मास्तरांच्या टेबलावर माझा पेणच्या शाळेचा दाखला होता. तो तू काढून आधीच पाठवला होतास. मी पळाले ती त्या दुपारी.

आणि गोष्ट तू जिथे संपवायचीस तिथे ती संपली नव्हती. त्या भल्या कंडक्टरने मला घरापर्यंत आणलं. तू पापड लाटत होतीस. तो म्हणाला, "बाई, ही तुमची का? पापड देऊन आलीय." तू आधी माझ्याकडे बघितलंस, मग त्याच्याकडे, आणि हसत सुटलीस. मी तुझ्याजवळ येऊन उभी राहिले. मला वाटलं, जवळ घेशील. तू हात झटकत म्हणालीस, "काय गो येडे, एका पापडात आलीस व्हय? मग उद्या परत जायला दुसरा देते." सगळ्या बाया हसल्या. मीही हसले, कारण मला ती गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मला हाताला धरून स्टँडवर नेलंस आणि रोह्याच्या गाडीत बसवलंस. दोन दिवसांची सहा वर्षं झाली, दहावीपर्यंत. मे महिना आणि गणपती, एवढीच मी तुमची.

मावशीचं घर वाईट नव्हतं. तिला मूलबाळ नव्हतं आणि काकांना कंपनीत शिफ्ट. रात्रपाळी करून ते दिवसा झोपायचे, त्यामुळे घरात मोठ्याने बोलायची सोय नव्हती. आम्ही दोघी खुणांनी बोलायचो. मीठ हवं असलं की जीभ बाहेर काढायची, डाळ हवी तर बोटं चोळायची. एकदा माझ्या हातून ताट पडलं आणि गोल गोल फिरत थेट काकांच्या खाटेखाली गेलं. आम्ही श्वास धरून उभ्या. काका कूस बदलून झोपेतच म्हणाले, "आलार्म बंद करा." मावशीने तोंडात पदर कोंबला, मी तिच्या पदराचं दुसरं टोक कोंबलं, आणि आम्ही दोघी मोरीत जाऊन रडेपर्यंत हसलो. माझ्यावर नाही, माझ्याबरोबर हसणारं माणूस मला तिथे पहिल्यांदा भेटलं. हे तुला लागावं म्हणूनच लिहिते आहे.

तर परवा, हशा ओसरल्यावर, मी भावाला म्हटलं, "पुढचं सांग." तो म्हणाला, "पुढे काय? संपली." मी म्हटलं, "दुसऱ्या दिवशी आईने मला परत पाठवलं. ते सांग." माझी मुलगी माझ्याकडे बघायला लागली. तो बिचारा म्हणाला, "ताई, मी चार वर्षांचा होतो. खरं सांगू? दुसरीत जाईपर्यंत मला वाटायचं, तू मावशीचीच मुलगी. सुट्टीला येतेस आपली." यावर पुन्हा सगळे हसले. तोही हसला. मी उठून पाणी प्यायला आत गेले.

तुला वाचता येत नव्हतं. तू असताना हे लिहिलं असतं तर भावानेच तुला वाचून दाखवलं असतं, आणि चार दिवसांत ह्याचीही गोष्ट झाली असती. आता लिहिलं तरी पाठवायचं कुठे? रोह्यातच राहते मी अजून, माझ्याच घरात, आणि हे कपाटात साड्यांखाली राहील.

मात्र एक आहे. मी आठवीत असताना, दिवाळीच्या तोंडावर, तू न कळवता रोह्याला आलीस. काका झोपले होते, म्हणून तू मावशीच्या स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होतीस. तुला हळू बोलताना मी तेव्हाच ऐकलं. तुझ्या हातात कापडी पिशवी होती, रिकामी, नीट घडी घातलेली. तू म्हणालीस, "चल गो. तुझे कपडे घे. घरी चल." का आलीस ते तू सांगितलं नाहीस. मी म्हटलं, "माझी सहामाही परीक्षा हाय." "मग नाय जमायचं," म्हणालीस. चहा प्यालीस. मावशीने त्या पिशवीत वाल भरून दिले, आणि तू दुपारच्या गाडीने गेलीस. कोणाचीही फजिती चौघींत सांगणारी तू, ही गोष्ट कधी कुणाला सांगितली नाहीस. मीही नाही.

परीक्षा आदल्या आठवड्यातच संपली होती. आणि मला यायचं होतं.