काकूच्या प्रथिनाची कांडी

भवानी पेठ, सोलापूर

कुमारी डॉक्टर चंद्रिका (औषध न देणाऱ्या) यांना गुरुसिद्धप्पा काकाचे शरणार्थ, आणि वयानं मोठा असल्यामुळं नाइलाजानं आशीर्वादही. तुझी तब्येत बरी असेलच, शास्त्रज्ञांना आजारी पडायला सवड कुठली? इकडं माझे गुडघे कुरकुरतात. काकूच्या रक्ताच्या कॅन्सरला पाचवं वर्ष लागलं, पण रोजच्या एका गोळीवर ती ठणठणीत आहे (असं पत्रात लिहायची पद्धत आहे).

सोमवारी फोनवर तू जी किंचाळलीस, त्यानं माझा उजवा कान अजून बंद आहे. गुन्हा कबूल, पण हकिगत तरी ऐक की. गड्ड्याच्या जत्रेला आलीस तेव्हा रंगीत तारेचं एक भेंडोळं आमच्या कपाटावर विसरून गेलीस (एवढी शिकलीस, पण छत्री आणि चार्जर आजवर कधी परत नेला नाहीस). आता मी पडलो चाळीस वर्षं टॉवेलच्या मागावर काढलेला माणूस. आमच्या घरात गुंता दिसला की जेवणारासुद्धा ताट बाजूला सारतो. मी एक टोक धरलं, काकूनं दुसरं. असला वंगाळ गुंता जन्मात पाहिला न्हाय! वळसे, वळशांत पुन्हा वळसे, आणि मधोमध एक लाल मणी अडकवलेला. दुपारभर खपून आम्ही तो सोडवला, तार सरळ करून कांडीवर भरली, मणी काकूनं देव्हाऱ्यात ठेवला. आणि शाबासकी मिळेल म्हणून व्हिडिओवर तुला कांडी दाखवली ती कुणी? मीच. व्हय, मीच!

मग तू माझी शाळा घेतलीस. ते भेंडोळं म्हणजे म्हणे काकूच्या रोगामागचं प्रथिन, कोट्यवधी पटींनी मोठं करून, तीन आठवडे बसून वळवलेलं (आम्हाला प्रथिन म्हणजे शेंगाचटणीत असतं तेवढंच ठाऊक). सरळ तार कवडीच्या कामाची नाही, ती जशी दुमडते तसं तिचं काम. त्या दुमडीत एक खाच, आणि खाचेत बरोब्बर बसणारा मणी म्हणजे काकूची गोळी. गोळी बसली की प्रथिनाचा उपद्रव बंद. आकार कळला की पुढची औषधं त्या मापानं घडवता येतात. धन्य आहे बाई! सुताचा गुंता केला म्हणून मी जन्मभर कामगारांच्या नावानं शंख केला, आणि तुम्हाला गुंता जपायचा पगार मिळतो. मला चिकटव की तुमच्या प्रयोगशाळेत. एका दुपारी सगळी जीवसृष्टी सरळ करून कांड्यांवर भरून देतो.

गल्लीला तुझा फार अभिमान आहे. नेमका कशाचा, ते अजून कुणाला समजलेलं नाही.

तुझा अपराधी,
काका

ता. क. कांडी कुरिअरनं पाठवत नाही. तिथं चार शहाणी माणसं हसतील.

आणखी एक ता. क. वरचं सगळं काकूला वाचून दाखवलं, पोट धरून हसली. हे दाखवलेलं नाही. काल तिचा रक्ताचा रिपोर्ट बिघडून आला. डॉक्टर म्हणाले, प्रथिनात एके ठिकाणी बदल झालाय, खाचेचा आकार फिरला, गोळी आता तिथं बसत नाही. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला काय कळणार. मला सगळं कळलं गं. आठवड्यापूर्वी तीच खाच मी या हातांनी मोडली होती. बदललेल्या आकारावरून केलेली दुसरी गोळी आहे म्हणतात. ती खरंच बसेल का, तुझ्या त्या संगणकावर फिरवून बघ आणि सांग. मला लई भीती वाटतीय, चंद्रे. फोन करू नकोस, ती शेजारीच असते. रविवारी ये. तार हाय, तू दुमड, मी टोक धरून बसतो. जुन्या मण्याला काकू रोज फूल वाहते, त्याला मी हात लावणार नाही. नव्या मापाचा तूच आण.