पांढरं येईपर्यंत

आये, काल दादाचा निरोप आला. सोमवारी येतोय म्हणाला, लुगडं घेऊन. निरोप आणणारा आपल्या करकंबचाच गाडीवान होता, दारातूनच सांगून गेला. पाणी घे म्हटलं तर नको म्हणाला. दुखवट्याच्या घरी कोण थांबतं? यांना जाऊन पंधरवडा उलटला, तेरावंही आटोपलं. आता माहेरचं पांढरं तेवढं राहिलं. ते अंगावर पडलं की मी उंबरा ओलांडायला मोकळी. तोवर कोपरा धरायचा. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत कोपरा तरी कुठून काढायचा? चूल आणि ट्रंक यांच्या मधे जी जागा उरते तिला सून कोपरा म्हणते, म्हणून मीही म्हणते. पाय लांब केले की जात्याला लागतात. तुला निदान परसदार होतं.

तुला हे लिहून उपयोग काय, ते मला कळतं. तुला अक्षर येत नव्हतं, आणि तू होतीस तेव्हा मलाही धड येत नव्हतं. मास्तरची बायको अंगठा उठवते हे यांना बरं दिसेना, म्हणून यांनी मला पाटी आणून दिली होती. ते ऐकून तू केवढी हसली होतीस. आता भाकरीवर अक्षरं काढणार काय, म्हणालीस. तर काढतेय बघ. बसून बसून दुसरं करायचं काय? झोप येत नाही आणि जागं राहायचाही कंटाळा आलाय.

आबा गेले तो दिवस हल्ली सारखा आठवतो. सुगी चालली होती. मी सोलापुराहून येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं, पण बायका अजून तुझ्याभोवती बसल्या होत्या. तुझ्या बांगड्या फोडायला एक म्हातारी पुढे झाली, तर तू स्वतःच हात पुढे केलेस. मग कुंकू पुसलं. कुंकवाखालचा गोंदलेला हिरवा ठिपका मात्र तसाच राहिला. तो कोण पुसणार? आणि तुझ्या अंगावर ते वांगी रंगाचं इरकली होतं, तांबड्या काठाचं. आबांनी आयुष्यात आपण होऊन घेतलेलं एकच लुगडं. ते घेऊन आले त्या दिवशी तू त्यांना झोपेपर्यंत बोलत होतीस, म्हातारपणी हा कसला रंग, लोक काय म्हणतील. आबा आपले विड्याला चुना लावत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच नेसून तू विहिरीवर गेलीस आणि नेहमीपेक्षा उशिरा परत आलीस.

आपल्या भावकीची रीत तुला माहीत, मला माहीत. नवरा जाताना अंगावर जे असेल ते, आणि बदलायला एखादं जुनं. पांढरं यायचं ते माहेराहून, भावाच्या नाहीतर भाच्याच्या हातून. लेकाने आणलेलं चालत नाही, लेकीने आणलेलं तर मुळीच नाही. आणि ते येईपर्यंत पुढच्या दाराचा उंबरा ओलांडायचा नाही. तुझे तिन्ही भाऊ मानमोडीच्या साथीत गेले. वैरागला एकच भाचा उरला होता. तेराव्याला सगळे त्याची वाट बघत बसले, तो आला नाही. पुढच्या अमावस्येला येईल म्हणाले, तेव्हाही आला नाही. मग भावकीतल्या बायकांना तोंड फुटलं. म्हातारीला माहेरनं टाकलं, आत्याच्या अंगावर एक लुगडं टाकायला भाच्याचा हात वर होईना. तू ऐकत होतीस. जोंधळे निवडत होतीस आणि ऐकत होतीस.

मला ते सहन झालं नाही. तू बाहेर यावंस, शेताकडे जावंस, ऊन घ्यावंस, आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे सोलापूरला यावंस, एवढंच माझ्या डोक्यात होतं. भिंतीतून पाणी कसं येतं ते मला एकदा बघायचंय, असं तू नळाबद्दल किती वेळा म्हणाली होतीस. मी यांच्या मागे लागले. यांनी शाळेत रजा टाकली आणि आम्ही वैरागला गेलो. निम्मी वाट मोटारीने, निम्मी बैलगाडीने, धूळ खात. वाटभर मी मामेभावाला काय काय सुनवायचं ते मनात घोळवत होते. यांनी दोनदा सांगितलं, आधी त्याचं ऐकून तरी घे. मी कुठली ऐकतेय.

मामेभाऊ ओसरीवर बसला होता. मला बघून उठला. मी तोंड उघडायच्या आत तो आत गेला आणि फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आला. गाठ सोडली. पांढरं लुगडं होतं, कोरं, घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"तिसऱ्याच दिशी आणून ठिवलंय की," तो म्हणाला. "आत्यानंच निरोप धाडला, येऊ नगंस म्हून. आता लोक मला शिव्या देत्यात. देऊ द्या."

मला आधी खोटंच वाटलं. मग त्याच्या बायकोचा चेहरा बघितला आणि पटलं. नवऱ्याला उगाच बोल लागतोय म्हणून ती बिचारी रडकुंडीला आली होती. तिने गूळपाणी पुढे ठेवलं. मी उभ्या उभ्या विचारलं, मग तू ऐकलंस का, आत्याला काय कळतं? तो म्हणाला, आत्याचं कुणी ऐकलं नाही असं आमच्या घरात कधी झालंय का? ते गाठोडं उचलून तुझ्यापुढे आणून टाकावं असं मला फार वाटलं. पण लेकीच्या हातचं पांढरं तुला लागणार नव्हतं. म्हणजे उपयोग शून्य.

तशीच करकंबला आले. तू माजघरात कणगीला टेकून बसली आहेस. वांगी रंगाचं लुगडं धुऊन धुऊन विटलंय, पण काठ अजून तांबडा आहे. दादा शेतात, वहिनी परसात. मी तुझ्यासमोर बसते आणि इतक्या दिवसांचं सगळं तुझ्यावर ओतते. लोक काय बोलतात, दादाची मान कशी खाली जाते, भाच्याच्या नावाने कसा शंख चाललाय. आबांवर एवढी माया होती तर ती अशी दाखवायची का, असंही बोलून गेले. तू सूप बाजूला ठेवलंस.

"तुझ्या बापासाठी न्हाय गं," तू म्हणालीस. "त्याला कुटं रंग कळत हुता. मलाच पांढरं नगं. तुझी थोरली चुलती समोर आली की मी वाटंवरनं मागं फिरायची. तिचं तोंड मला ठावं हाय की. तसलं तोंड घिऊन मी कुटं फिरू?"

"मग काय जन्मभर हितंच बसणार व्हय?"

"बसंन की. हितं कोण मागं फिरतंय?"

थोरल्या चुलतीला मीही बघितलं होतं. ऐन तारुण्यात पांढऱ्यात गेलेली. माझ्या लग्नाची गाडी निघाली तेव्हा ती कौतुकाने दारात आली होती, आणि तू तिला म्हणालीस, जाऊबाई, जरा आत व्हा. आवाजसुद्धा चढवला नाहीस. ती लगेच आत झाली. मी गाडीतून वळून बघितलं तर दारात कुणीच नव्हतं. ते तुझ्याही मनात राहिलं असेल असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं. चुलती जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. हे तिला आता कोण सांगणार होतं?

हे कुणाजवळ बोलू नकोस म्हणालीस, मी बोलले नाही. भाच्याने शिव्या खाल्ल्या, दादाने मान खाली घातली, मी गप्प. तू दोन उन्हाळे तशी बसलीस. कोरड्या हवेत माजघर तापायचं, तू पदराने वारा घ्यायचीस. माझं येणं झालं की विचारायचीस, नळाला पाणी रात्रीही असतं का. मी म्हणायचे, येऊन बघ. तू हसायचीस. माझ्या त्या बोलण्यात राग असायचा, हे तुला कळत होतं ना? कळतच असणार.

त्यातच माझ्या धाकटीला मुदतीचा ताप आला. ती वाचेल असं वैद्यालाही वाटत नव्हतं. मी करकंबला निरोप धाडला, आईला पाठवा, मला धीर नाही. चार दिवस मी दाराकडे बघत होते. पोरगी बरळायची आणि मी दाराकडे बघायचे. तू आली नाहीस. दादा आला, तूप आणि तुझा अंगारा घेऊन. पोरीचा ताप उतरला, ती वाचली, पण माझं मन तुझ्यावरून उतरलं ते उतरलंच. रंगीत काठापुढे तुला नात दिसली नाही, असं मी यांना म्हणाले. हे म्हणाले, असं बोलू नये. त्यानंतर मी करकंबला आले ती सणावारी, पाहुण्यासारखी. तू जेवायला वाढायला सांगायचीस, मी जेवायचे. नळाचं तू पुन्हा विचारलं नाहीस.

तू गेलीस तेव्हा माहेरचं पांढरं आलं. शेवटचंही माहेरूनच लागतं ना. भाऊ वैरागहून तेच गाठोडं घेऊन आला. ठेवून ठेवून लुगड्याच्या घडीवर पिवळ्या रेघा उमटल्या होत्या. तुझ्या अंगावर वहिनीने वांगी रंगाचंच नेसवलं होतं, त्यावर त्याने ते टाकलं. पायांपाशी तांबडा काठ बाहेर राहिला होता, तो भावकीतल्या एका बाईने आत सारला. मग तुला उचललं आणि तू पुढच्या दाराने बाहेर पडलीस.

बाया नदीवरून परतल्यावर मी ओसरीला बसले होते. भाऊ शेजारी येऊन बसला आणि आपण होऊन म्हणाला, हे लुगडं मागेच एकदा करकंबपर्यंत येऊन गेलंय. तुमच्या पोरीला ताप होता तेव्हा आत्याने मला माणूस पाठवून बोलावलं, निघून ये आणि पांढरं घेऊन ये म्हणून. मी रात्रीचाच निघालो. आत्याने केस विंचरून घेतले होते, गाठोडं बांधून तयार बसली होती. मी लुगडं काढतोय तोवर सोलापूरचा माणूस आला, पोरीचा ताप उतरला म्हणून. आत्याने त्याला दोनदा विचारलं, नक्की उतरला का. मग मला म्हणाली, जेव आणि जा माघारी. लुगड्याची घडी मोडू नकोस.

तो ताप उतरल्याचा निरोप मीच घाईघाईने धाडला होता, आये. तू काळजी करत असशील म्हणून. मी ते भावाला सांगितलं नाही. वहिनीने पाणी दिलं ते प्याले. त्या दिवसापासून तुझ्यावरचा राग गेला म्हणावं तर तसंही नाही. तू मला सांगितलं असतंस तर काय बिघडत होतं? एका शब्दाने माझे ते दिवस वाचले असते. पण तुझ्या तोंडून असलं कधी निघायचं नाही. माझ्याही निघत नाही.

आता तीच धाकटी बार्शीला आहे. दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आलेत. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, बघणारं कुणी नाही. आई, तू येशील ना, असं तिने विचारून पाठवलंय. मला जायलाच हवं, म्हणजे पांढरं नेसायलाच हवं. वाटेत कुणी मागं फिरलं तर फिरो, मला आता त्याचंही फारसं वाटत नाही. शरीर इतकं थकलंय की अपमानसुद्धा जरा उशिराच पोचतो. सुनेने माझं गाठोडं बांधून ट्रंकेवर ठेवलंय. तुझ्यासारखी दोन उन्हाळे बसायची माझी ताकद नाही आणि ऐपतही नाही. तसा हट्टही नाही, असं मी सुनेला म्हणाले.

माझ्या अंगावर आत्ता हिरवं आहे, बारीक पिवळ्या काठाचं. यांनी घेतलेलं नाही, माझं मीच घेतलेलं. काल सकाळी गाडीवान दारात उभा होता, सोमवारी दादा येतो म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघालं की सोमवार नको, तो यांच्या उपासाचा वार, गुरुवारचा बाजार करून ये म्हणावं. सुनेला ते पटलं, गाडीवानालाही पटलं. यांनी जन्मात कधी सोमवार धरला नाही.