दोन आवाजांमधली जागा

१८ नोव्हेंबर, मंगळवार
तपासणी कॅम्पची व्हॅन कारखान्यातल्या प्रेस शॉपच्या मागेच लावली. पत्र्यावर प्रेस पडते तेव्हा आधी पायाला कळतं, मग कानाला. पेटीचं दार लागेपर्यंत दात आवळून होतो.
पेटी म्हणजे व्हॅनमधली कान तपासायची खोली. आतून स्पंज, एक स्टूल, एक काच. दार लावलं की अख्खं चाकण बंद. कामगार यायच्या आधी मी थोडा वेळ आत बसतो. डॉक्टर मॅडमना विचारलंय. "बस की. मशीन तयार होईपर्यंत तुझीच आहे."
आत विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं. स्वतःचं रक्त ऐकू येतं. वर कुठेतरी उजेड आहे एवढंच कळतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
शिंदेकाका येऊन गेले. प्रेसवर उभे राहून केस पांढरे झालेत. मूळचे बीडचे. नको सांगूनही बूट बाहेर काढूनच पेटीत बसतात. "असू दे रे. इतकं शांत आमच्या घरात बी नसतंय."
मी काचेच्या बाहेर. मी आवाज सोडायचा, त्यांना हेडफोनमध्ये ऐकू आला की त्यांनी हातातलं बटण दाबायचं, की माझ्याकडे मशीनवर लाल दिवा लागतो. हळू, मग अजून हळू. त्यांनी एकही सोडला नाही. रिपोर्टवर सरळ रेघ, म्हणजे कान उत्तम.
बाहेर आल्यावर पाठीवर थाप मारली (आधी सांगून मारतात, म्हणून चालतं). "भारी हायस गड्या. पोटात घड्याळ गिळलंय जणू."
दिवसभर बरं वाटलं.
ड्रायव्हर रफिकभाई म्हणाले, "मास्टर, तुझ्या मशीनवर तर सगळेच पास. इलेक्शनला उभा राहा!" मी म्हटलं, मला बोलता येत नाही लोकांसमोर. ते हसले. विनोद होता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
मशीन माझ्या आधी त्यावर बसणाऱ्या योगेशदादाने शिकवलं. तो नोकरी सोडून चालला होता, एकच दिवस मिळाला. "एक-दोन-तीन, दाब. एक-दोन-तीन, दाब. डोकं लावू नकोस." मी तसंच करतो.
दुपारपर्यंत मोजावं लागत नाही. श्वासासारखं आपोआप होतं. पलीकडे काचेत माणूस डोळे मिटून बसलेला, मान हळूहळू डोलते. भजनाला बसल्यासारखी. मला वाटतं त्यांनाही आवडत असेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार
स्वप्न. मी एकेकाच्या कानात कंदील घेऊन शिरतो. आत लांबच लांब बोळ, ओलसर, गुलाबी. शेवटी कुणीतरी बसलेलं असतं, मी हाक मारली की हात वर करतं.
आईला सांगितलं. "डॉक्टर झालास की काय रे झोपेत?"
ऑटिझमचा कागद हातात आला त्याच महिन्यात बारावीला फिजिक्स राहिला. बाबा म्हणाले होते, डॉक्टर व्हायचं खूळ आता सोड. मी सोडलं नाही, लहान केलं. आता कानाएवढं आहे. मॅडम म्हणाल्यात, या कॅम्पला मशीन नीट चालवलंस तर कान तपासणीच्या डिप्लोमाला मी शिफारस देईन, तेवढा फिजिक्स काढ.
तेवढा फिजिक्स.

२४ नोव्हेंबर, सोमवार
लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.
मॅडमनी सगळे रिपोर्ट ओळीने मांडले. "ऑफिसात एसीत बसणारे आणि प्रेसवर उभे राहणारे, दोघांचे कान सारखेच? कसं काय?" मला वाटलं मशीन बिघडलं.
मग त्या स्वतः पेटीत गेल्या. हेडफोन हुकाला टांगला, बटण हातात घेतलं. "मी हेडफोन लावणार नाही. तू नेहमीसारखं घे."
घेतलं. त्या डोळे मिटून बटण दाबत गेल्या. एकही चुकला नाही.
सरळ रेघ.
बाहेर येऊन म्हणाल्या, "बघ, माझे कान आत टांगलेत आणि मला सगळं ऐकू येतंय."
ओरडल्या नाहीत. मला ओरडणं लगेच कळतं, त्यांचं हे म्हणणं कळायला वेळ लागला. मी तालात आवाज सोडतो. माणसं आवाजावर नाही, तालावर बटण दाबतात. रफिकभाई खाली बघत म्हणाले, "पूरी लाइन को मालूम है रे. मास्टरकडे तीन मोजायचं आणि दाबायचं." मी विचारलं, तुम्हाला केव्हापासून माहीत? "मला वाटलं तुलाही माहीत आहे. तू सगळ्यांना सांभाळून घेतोयस."
प्रेस शॉप पुन्हा तपासायचं, पुढच्या बुधवारपासून. तोवर मी वजन-उंचीला. ताल मोडता आला तर मशीन परत. नाही आला तर मॅडम शिफारसपत्रावर सही करणार नाहीत. "खोटं लिहिता येणार नाही मला," म्हणाल्या. बरोबरच आहे.
येताना व्हॅनमध्ये डोक्यावर जर्किन घेऊन बसलो. पेटीसारखं होत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
वजन-उंची.
रात्री आईला टेबलाशी बसवलं, चमच्याने टकटक केली, पुढची कधी येईल ते ओळख म्हटलं. आई प्रत्येक वेळी ओळखते. "तू लहानपणी पाळण्यात पण असाच पाय मारायचास," म्हणाली. मुद्दाम चुकवलं की पोटात जिना संपल्यासारखं होतं, पाय टाकावा आणि पायरीच नसावी.
बाबा टीव्ही मोठा लावून बसले होते. म्हणाले, "सोड ना. वजन-उंची पण मेडिकलच आहे."

२७ नोव्हेंबर, गुरुवार
सुट्टी. सकाळी दिघीच्या मिलिटरीच्या भिंतीकडेने चालत गेलो. पलीकडे नुसतं वाळलेलं गवत आणि धुकं. आत टिटवी ओरडत होती. ओरडायची, मग काहीच नाही. मला वाटायचं, आता. नाही. आता. नाही. मग मी विसरून जायचो आणि तेव्हाच...
बराच वेळ भिंतीला टेकून उभा होतो. गवत पांढरं होतं आणि हळूहळू पिवळं झालं. पोटातला जिना आला नाही. कारण मी पुढचा आवाज ठरवत नव्हतो. तो तिच्याकडे होता.
घरी येऊन आईला बसवलं. आवाज द्यायचा आणि सोडून द्यायचा, आपला नाही म्हणायचं. मग खिडकी बघायची. वाटेल तेव्हा पुढचा.
आईने तीनदा चुकीचं ओळखलं. म्हणाली, "अरे, झोप लागली का तुला?"

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
वजन-उंची. दुपारी यार्डात शिंदेकाका पाठमोरे चालले होते. मागून फोर्कलिफ्ट आली. हॉर्न वाजत होता, मला व्हॅनच्या आतून डोक्यात घुसत होता. काका वळलेच नाहीत. ड्रायव्हरने दाबून ब्रेक मारला. माल उचलायची लोखंडी पाती त्यांच्या पाठीपासून हातभर.
"काका, आंधळे झाला काय!" तो ओरडला.
काका हसले. "आंधळा न्हाई रे, जाड कातडीचा झालोय."
आंधळे नव्हतेच. माझ्या रिपोर्टवर त्यांचे कान एकदम चांगले आहेत. खाली माझी सही.

१ डिसेंबर, सोमवार
मॅडमनी परत परीक्षा घेतली. त्या पेटीत, हेडफोन हुकाला. सुरुवातीला पकडलंच त्यांनी, दोन-चारदा. मग मी मशीनवरून नजर काढून टिनाच्या छपरावरच्या उन्हाकडे पाहायला लागलो. ऊन सरकत होतं. त्यांचं बटण चुकायला लागलं. सगळं चुकलं.
"आता मी पूर्ण बहिरी आहे," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. खूश होत्या. "बुधवारी बस मशीनवर. शिफारशीचं कॅम्प संपल्यावर बघू."

२ डिसेंबर, मंगळवार
चहाच्या टपरीवर शिंदेकाकांनी शेजारी बसवून घेतलं.
"उद्या आमचा नंबर हाय म्हणं परत."
"हो."
"आधीसारखंच कर की, बाबा."
मी ग्लास खाली ठेवला.
"तुला माहीत न्हाई. प्रेसवरनं काढून प्याकिंगला टाकतेत. तिथं दिवसभर खोकी चिकटवत बसू का मी? प्रेसचा आवाज आला न्हाई तर मला जेवण जात न्हाई."
मी फोर्कलिफ्टचं सांगितलं. हॉर्न किती वेळ वाजत होता तेही.
ते चहाच्या ग्लासात बघत राहिले. "वाजवला व्हता व्हय हॉर्न?"
मग म्हणाले, "तुझ्या बापाचं बी कान गेलंय का रे?"
मी म्हटलं, टीव्ही मोठा लावतात.

३ डिसेंबर, बुधवार
काका दुपारी आले, शिफ्ट अर्धी झाल्यावर. डोळे मिटून बसले. मी आवाज दिला आणि सोडून दिला. छपराकडे बघितलं. जाडे आवाज त्यांनी बरोबर ओळखले. बारीक, शिट्टीसारख्या आवाजांना आलो. एक दिला. काही नाही. वाढवला. काही नाही.
मग मी थांबलो. नुसता थांबलो. त्या शांततेत त्यांचा अंगठा बटणावर पडला. जरा वेळाने परत. परत. मी काहीच दिलेलं नव्हतं.
त्यांच्या प्रत्येक दाबाला इकडे मशीनवर दिवे लागत होते, लाल, एकेक, लांबच्या गावातल्यासारखे.
शेवटी त्यांनी डोळे उघडले, हेडफोन काढला, बाहेर आले.
"मधीच कुठं गेल्तास रे तू?"
"इथंच होतो."
"मग मी कुठं व्हतो?"
मॅडम आल्या. म्हणाल्या, प्रेसवरून उठून आलेला कान दमलेला असतो, आजचं धरायचं नाही. उद्याची सुट्टी घरी शांत घालवा आणि परवा शिफ्टच्या आधी या. काही वेळा बरंच परत येतं. काही वेळा नाही. मी ते "काही वेळा नाही" त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं का ते पाहत होतो, पण मला चेहरे वाचता येत नाहीत.
काकांनी मला विचारलं, "परवा ऐकू येईल का रे?"
"माहीत नाही."
"होय म्हन की, तुझं काय जातंय."
मी हेडफोन हुकाला टांगला.
ते पायरीवर बसले. आत प्रेस पडत होती. मग म्हणाले, "परवा काचंपल्याड तूच बसशील ना?"
"मॅडम ठरवतील."
"मी सांगतो त्यास्नी, तूच पायजेस म्हणून." मग, "का नको सांगू?"
मी त्यांचे बूट उचलून त्यांच्या पायाशी ठेवले. परवा मी बसलो तर रिपोर्टखाली परत माझीच सही, या वेळी खरी.